डॉक्टर इंगोले आणि सोडून दिलेली गोळी

डॉक्टर इंगोले मला पहिल्यांदा दिसले ते वॉर्डाच्या मागच्या नळाशी ओणवे होऊन उलटी करताना. नवे डॉक्टर येणार म्हणून मी पांढऱ्या साडीला कडक इस्त्री केली होती, टोपी दोनदा आरशात पाहिली होती. तेवढ्यात आया धावत आली, "सिस्टर, नवे डाक्टर कसंतरीच करून राह्यले." मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेले. त्यांनी चूळ भरली, चष्मा रुमालानं पुसला आणि माझं नाव-गाव न विचारता म्हणाले, "हे असं रोज होते लोकाईले?"

"कशानं?"

"पासनं. जेवढं तुम्ही पेशंटले देता तेवढं उपाशीपोटी घेऊन पाह्यलं मी. असं होत असंल तर माणूस ते कायले गिळंल? मी तर नाल्यात फेकलं असतं."

पास म्हणजे क्षयावरचं पोट ढवळणारं औषध, आणि आमचे रुग्ण ते नाल्यातच फेकत होते. मला ते ठाऊक होतं, कंपाउंडरला ठाऊक होतं, पण आमच्यापैकी कोणी ते औषध कधी जिभेवर ठेवून पाहिलं नव्हतं.

हे १९६० सालचं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मला त्या रुग्णालयात येऊन वर्ष व्हायचं होतं. यवतमाळहून आर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वस्तीपासून मुद्दाम लांब बांधलेलं क्षयरोग्यांचं चाळीस खाटांचं रुग्णालय. एक विश्वस्त मंडळ ते चालवायचं. मंडळाचे अध्यक्ष एका कापसाच्या जिनिंगचे मालक होते. महिन्यातून एकदा येत, नाकाला रुमाल लावून दारातूनच वॉर्ड पाहत आणि परत जात. आम्ही माणसं मोजकी. एक डॉक्टर, शिकलेली नर्स मी एकटी, दोन आया, कंपाउंडर आणि स्वयंपाकी. आधीचे डॉक्टर चार महिन्यांत सोडून गेले होते. हेही जातील असं आम्ही धरूनच चाललो होतो.

डॉक्टर चाळिशीचे, बुटके, काळेसावळे. कान मोठे, सदऱ्याची कॉलर विरलेली. आमच्याकडे येण्याआधी आठ वर्षं त्यांनी महारोग्यांच्या दवाखान्यात काढली होती, म्हणून गावातली शहाणी माणसं त्यांच्या हातचा चहा टाळत. त्यांना ते कळत असे. "चहा नका घेऊ, पण साखर तरी पाठवा," असं एकदा त्यांनी पोस्टमास्तरांना तोंडावर सुनावलं होतं. गोड बोलणं त्यांना जमायचंच नाही. वणीकडच्या खेड्यातले, नागपुरात शिकलेले. कागदावर शुद्ध लिहीत, बैठकीत शुद्ध बोलत, पण रुग्णांशी बोलताना आणि राग आल्यावर वऱ्हाडीच तोंडात येई.

त्यांनी पास जेवणानंतर ताकासोबत द्यायला लावलं. औषधाच्या वेळी ते स्वतः खाटेखाटेपाशी उभे राहत. रुग्णानं गोळी गिळली की म्हणत, "जीभ वर करा." मग "गाल दाखवा." उमरखेडचे सायकल मिस्त्री शेख करीम गालात गोळी दाबून ठेवण्यात पटाईत होते. पन्नाशीचे, दाढीला मेंदी लावणारे. एकदा डॉक्टरांनी त्यांच्या गालावर बोट टेकवून विचारलं, "करीमभाई, इथं काय सायकलचा छर्रा ठेवला का?" अख्खा वॉर्ड हसला. करीमभाईंनी गोळी गिळली आणि म्हणाले, "डाक्टरसाब, आप तो पुलिसवाले से भी बढके हो."

पण करीमभाईंच्या थुंकीतले जंतू जात नव्हते. ते तिसऱ्यांदा भरती झाले होते. आधी दोनदा आयसोनियाझिडच्या गोळ्या घेऊन दोन-तीन महिन्यांत बरं वाटलं की दुकान उघडायला पळाले होते. उरलेल्या गोळ्या त्यांनी खोकणाऱ्या मेव्हण्यालाही वाटल्या होत्या. आता त्याच गोळ्या नेमानं घेऊनही वजन उतरत होतं. असे आणखी काही जण होते. डॉक्टरांनी त्यांची थुंकी नागपूरला पाठवली. दोन महिन्यांनी उत्तर आलं की या जंतूंवर आयसोनियाझिड चालत नाही, काहींवर स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शनही चालत नाही.

त्या दुपारी ते वॉर्डाच्या पायरीवर कागद घेऊन बसून राहिले. "अर्धा कोर्स म्हणजे जंतूची शाळा आहे, सिस्टर," ते म्हणाले. "आपण त्याले गोळी ओळखाले शिकवलं. आता तो आपल्यापेक्षा हुशार झाला."

"मग आता काय द्यायचं?"

"नवीन औषधं आहेत. परदेशात. आपल्यापर्यंत येईस्तोवर हे सारे स्मशानात राहतीन." कागदाची घडी घालत ते पुढे म्हणाले, "नवीन नाही तर जुनं पाहू."

ते जुनं म्हणजे थायासिटाझोन. महायुद्धाच्या काळात जर्मनीत ते क्षयासाठीच तयार झालं होतं. पण त्यानं मळमळ होई, कधी काविळीसारखं होई, कोणाच्या अंगाला भयंकर पुरळ उठे. तेवढ्यात दुसरी औषधं निघाली आणि मोठ्या देशांनी ही गोळी टाकून दिली. पुढे ती महारोगावर वापरून पाहिली गेली, आणि डॉक्टरांच्या जुन्या दवाखान्याच्या कोठारात तिचे डबे तसेच पडून होते. त्यांनी तिथल्या प्रमुखांना पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी पत्र्याचे चार डबे आले. मंडळाला त्यांनी रीतसर कळवलं. वाचल्यासारखं करून अध्यक्षांनी सही केली.

"लोकाईनं हिले सोडलं," डबा उघडताना डॉक्टर म्हणाले, "कारण त्यांच्यापाशी दुसरी होती. आपल्यापाशी कुठं आहे?"

आधी पंधरा दिवस त्यांनी ती स्वतः घेतली. जेवण कमी झालं, चेहरा उतरला. रोज सकाळी औषधांच्या खोलीत सदरा वर करून कंपाउंडरला पाठ पाहायला लावत आणि "काही दिसते का?" विचारत. काही दिसलं नाही. त्यांच्या अंगाला ती मानवली. त्यांच्या अंगाला मानवली म्हणजे सर्वांना मानवेल, असं ते कधी म्हणाले नाहीत. तसं मी मनात धरलं.

सात रुग्ण निवडले. त्यांना व्हरांड्यात बसवून डॉक्टरांनी सगळं उघड सांगितलं. "ही गोळी जुनी आहे. बाहेरच्या देशानं फेकून दिलेली आहे. एकटी देणार नाही, पाससोबत देईन. कोणाले लागू पडंल, कोणाले नाही. कोणाच्या अंगाला हिनं वाईट पुरळ उठते अन् तेव्हा ती थांबवावी लागते. ज्याले नको त्यानं आत्ताच नाही म्हणावं, मी रागावणार नाही."

कोणी नाही म्हणालं नाही. करीमभाई म्हणाले, "वैसे भी मरना, ऐसे भी. खाके मरेंगे."

सातांत एक सकरी होती. उमरखेडच्या बाजूच्या एका बंजारा तांड्यावरची, वय असेल वीस. आजार कळल्यावर सासरच्यांनी तिला आईकडे आणून सोडलं होतं. आई तिच्यासोबत राहायची, वॉर्डाबाहेरच्या कडुलिंबाखाली चूल मांडून. दोघी आपसांत गोरबोलीत बोलत, आमच्याशी वऱ्हाडीत. सकरीच्या दोन्ही हातांत दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या होत्या आणि अंगात आरसे लावलेली जाड काचोळी. ती उतरवून रुग्णालयाचं झंपर घालायला तिनं पहिल्याच दिवशी नकार दिला. मी हट्ट धरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "राहू द्या, सिस्टर. सासर सुटलं, घर सुटलं. कपडे तरी तिचे राहू द्या."

त्याच आठवड्यात त्यांनी मला एक पुठ्ठा आणि शाई घेऊन बसवलं आणि सूचना सांगितल्या. मी माझ्या अक्षरात लिहिल्या. अंगाला खाज सुटली, तोंड आलं, डोळे लाल झाले किंवा ताप चढला, तर गोळी त्याच क्षणी बंद करायची. डॉक्टर नसले तरी बंद करायची. विचारत बसायचं नाही. पुठ्ठा औषधांच्या खोलीत खिळ्याला टांगला. मी रोज त्याच्याखाली उभी राहून गोळ्या मोजून घेत असे.

हिवाळा गेला. सातांपैकी पाच जणांचं वजन वाढू लागलं. एका सकाळी सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून कंपाउंडर म्हणाला, "करीमभाईच्या थुंकीत काही नाही." डॉक्टरांनी स्वतः पाहिलं. काच बदलून पुन्हा पाहिलं. मग ते वॉर्डात गेले आणि करीमभाईंच्या खाटेपाशी नुसते उभे राहिले. "क्या हुआ डाक्टरसाब, मर गया क्या मैं?" करीमभाईंनी विचारलं. डॉक्टर खाटेच्या काठावर बसून लहान मुलासारखे हसले. त्यांना तसं मी त्यानंतर कधी पाहिलं नाही. सकरीची गोळी मात्र उशिरा, मार्चअखेरीला सुरू झाली होती, कारण मध्यंतरी तिला कावीळ होऊन गेली होती आणि ती पूर्ण ओसरेपर्यंत डॉक्टर थांबले होते.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे दुपारी खाटेचा लोखंडी दांडा हाताला चटका देतो. डॉक्टर पुढचे डबे आणि थुंकीचे निकाल आणायला चार दिवसांसाठी नागपूरला गेले. जाताना म्हणाले, "डोस चुकू देऊ नका. आपण चुकलो की जंतू शिकते."

पहिल्या दिवशी सकरी म्हणाली, "सिस्टर, आंग खाजून राह्यलं."

"घामोळ्या असतील," मी म्हणाले. माझ्या स्वतःच्या मानेवर घामोळ्या होत्या, आयांच्या होत्या, अर्ध्या वॉर्डाला होत्या. पावडर दिली.

दुसऱ्या दिवशी तिनं गोळीकडे हात पुढे केला नाही. "आज नोको. मले बरं नाही वाटत." मी तिच्या समोर उभी राहिले, डॉक्टर राहत तशी. म्हणाले, "एक दिवस चुकला तर आजवरची मेहनत वाया जाईल." तिनं गोळी घेतली. मी म्हणाले, "जीभ वर कर." तिनं केली. जीभ लाल होती. मी ती पाहिली, फक्त तिच्याखाली गोळी आहे का, एवढंच पाहिलं.

तिसऱ्या दिवशी ती जेवली नाही. तोंड आलं होतं. पासनं असेल असं मला वाटलं. गोळी दिली, आणि नखरे करू नकोस म्हणून रागावलेसुद्धा. चौथ्या दिवशी सकाळी अंग तापलेलं होतं. डॉक्टर दुपारी येणारच आहेत, तोवर एक डोस कशाला चुकवायचा, असा मी विचार केला. पुठ्ठा त्या खोलीतच होता. त्याच्याखाली उभं राहूनच मी तिची गोळी काढून घेतली होती.

गोळी दिल्यावर तासाभरानं तिच्या आईची हाक आली. आईनं काचोळीच्या नाड्या सोडल्या होत्या. पाठीची कातडी उकळतं पाणी सांडल्यासारखी झाली होती. बांगड्यांच्या खाली, दंडापासून मनगटापर्यंत, हात लावावा तिथे साल निघत होती. सकरी "याडी, याडी" म्हणून आईला हाका मारत होती, आणि आईला तिला कुठे धरावं ते कळत नव्हतं.

डॉक्टर दुपारच्या बसनं आले. त्यांनी पाहिलं आणि एकच विचारलं, "गोळी कधी बंद केली?"

"सकाळी दिली," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मला आजवर सोपं गेलं असतं. पुढचे पाच दिवस ते तिच्या खाटेपासून हलले नाहीत. केळीची पानं मागवून तिला त्यावर निजवलं, थेंब थेंब पाणी पाजलं. सहाव्या दिवशी सकाळी ती गेली. आईनं तांड्यावरून गाडी मागवली आणि तिला घेऊन गेली.

तीन दिवसांनी मंडळानं चौकशी बोलावली. त्या सकाळी मी औषधांच्या खोलीत गेले तर खिळा रिकामा होता. कंपाउंडरला विचारलं. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेबांनी काढून नेला." मी समजायचं ते समजले, आणि गप्प राहिले.

अध्यक्ष, दोन विश्वस्त आणि जिल्ह्याहून बोलावलेले एक वरिष्ठ डॉक्टर टेबलामागे बसले होते. वरिष्ठ डॉक्टरांनी विचारलं, "पुरळ आलं तर गोळी थांबवायची, अशी सूचना तुम्ही नर्सला दिली होती का?"

"नाही," डॉक्टर इंगोले म्हणाले.

"तोंडीसुद्धा नाही?"

"नाही. द्यायला हवी होती. माझ्याकडून राहून गेलं."

मग वरिष्ठ डॉक्टर माझ्याकडे वळले. "सिस्टर, हे खरं आहे?"

माझे वडील नव्हते. घरात मिळवती मी एकटी. नोंदणी रद्द झाली असती तर दुसरीकडे कुठे उभंही केलं नसतं. हे सगळं मी नंतर कारण म्हणून गोळा केलं. त्या क्षणी यातलं काही मनात नव्हतं. नुसती भीती होती. मी म्हणाले, "हो."

अध्यक्षांनी डॉक्टरांना पदावरून काढल्याचं तिथेच सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावली, जणू हे ठरलेलंच होतं. पण अध्यक्ष पुढे म्हणाले, "आणि ती गोळी आजपासून बंद. एकही शिल्लक राहता कामा नये." तेव्हा डॉक्टर खुर्चीवरून उठले.

"साहेब, मला काढा. गोळी काढू नका. पाच जण तिच्यावर उभे आहेत. मध्येच थांबवली तर ते परत पडतील. दुसरा डॉक्टर आणा, त्याला मी सगळं लिहून देतो."

"पोरगी मेली, अन् तुम्ही अजून गोळीचंच बोलून राह्यले?" अध्यक्ष म्हणाले. "लाज वाटू द्या."

चौघांपैकी कोणी पुढे ऐकलं नाही. मी ऐकत होते. माझ्या एका वाक्यानं त्या खोलीत सगळं बदललं असतं. गोळी घातक नव्हती आणि डॉक्टर बेफिकीर नव्हते. चूक नर्सची होती. हे कळलं असतं तर वॉर्डात नर्स बदलली असती आणि गोळी राहिली असती. ते वाक्य मला येत होतं. मी बोलले नाही.

संध्याकाळच्या आत डबे मागच्या खड्ड्यात रिकामे करून वर चुना टाकला. करीमभाई व्हरांड्यात उभे राहून पाहत होते. म्हणाले, "बहन, मेरी वाली तो छोड देते." दुसऱ्या दिवशी डॉक्टर सायकलला ट्रंक बांधून निघाले. मी वॉर्डात इंजेक्शनं देत होते. ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "करीमभाईचं वजन दर आठवड्याले पाहत जा." एवढंच.

मी पाहत गेले. श्रावणापर्यंत ते टिकलं. मग उतरू लागलं. दिवाळीच्या सुमारास थुंकीत जंतू पुन्हा दिसले. करीमभाई हिवाळ्यात गेले. शेवटच्या दिवसांत ते मला रोज विचारत, "डाक्टरसाब का कुछ खत आया?" त्या पाचांपैकी पुढच्या दोन वर्षांत आणखी तिघं गेले. कोणाच्याही मृत्यूची चौकशी झाली नाही, कारण ते क्षयानं गेले होते.

वर्षं गेली. मी लग्न केलं नाही. पुढे त्या रुग्णालयाची व्यवस्था बदलली, सरकारी औषधं येऊ लागली. साठचं दशक संपत आलं असताना एका सकाळी तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आम्हा सगळ्या नर्सना बोलावलं. तोवर आम्ही सहा जणी होतो. त्यांनी एक डबा उघडला. नवी गोळी आली होती, एकाच गोळीत दोन औषधं. आयसोनियाझिड आणि दुसरं थायासिटाझोन. स्वस्त, टिकाऊ, खेड्यापाड्यांसाठी उत्तम, असं ते उत्साहानं सांगत होते. मग त्यांनी पुरळाची माहिती वाचून दाखवली आणि विचारलं, "तुमच्यापैकी कोणाला या औषधाचा आधीचा काही अनुभव?"

सगळ्यांत जुनी मीच होते. साऱ्या जणींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही."

त्या रविवारी मी ढाणकीला गेले. डॉक्टर इंगोले तिथे दवाखाना चालवतात हे मला कधीचं ठाऊक होतं. बाजाराच्या गल्लीत एक खोली, बाहेर बाक. पन्नाशीचे असून सत्तरीचे दिसत होते. हृदयाचा आजार जडला होता, चार वाक्यांनंतर दम लागायचा. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही. बसा म्हणाले, चहा सांगितला.

"तीच गोळी आली, डॉक्टर," मी म्हणाले. "सरकारी डब्यात."

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "कायच्या सोबत?"

"आयसोनियाझिडच्या. एकाच गोळीत."

"चांगलं केलं. एकटी नाही दिली ते चांगलं केलं." मग लगेच, "पेशंटची चामडी कोण पाहते?"

मी त्यांना सगळं सांगितलं. बैठकीतला तो प्रश्नही आणि माझं उत्तरही. आणि म्हणाले, "मी आता खरं सांगते. सूचना तुम्ही दिली होती, पुठ्ठा मी लिहिला होता, हे लेखी देते. जिथे सांगाल तिथे."

"कोणाले देता?" ते म्हणाले. "करीमभाई गेला. अध्यक्ष गेले. मले आता कोणती नोकरी पाह्यजे? तुम्ही तुमच्या जिवाले हलकं वाटावं म्हणून सांगून राह्यल्या, सिस्टर. त्याचा मले काही उपयोग नाही."

मला रडू आलं. त्यांनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. थोड्या वेळानं मी विचारलं, "मग तेव्हा माझ्यासाठी खोटं कशाला बोललात?"

"तुमच्यासाठी नाही बोललो. तो गैरसमज काढून टाका." त्यांनी दम घेतला. "मले वाटलं, डॉक्टर दुसरा भेटन, पण त्या वॉर्डात टिकणारी नर्स दुसरी भेटणार नाही. मी गेलो तरी गोळी राहीन, असं धरून चाललो. तिथंच चुकलो. लोक गोळी अन् डॉक्टर वेगळे करत नाहीत. आपण दोघं खरं बोललो असतो तर करीमभाई आज दुकानात बसला असता. तुमची चूक चार दिवसांची होती. माझी करीमभाईसकट चौघांच्या जिवावर गेली." ते खिडकीकडे वळले. "रोज सकाळी एवढंच असते माझ्या डोक्यात."

चहा आला. कोणी घेतला नाही. निघताना ते म्हणाले, "सांगायचंच असंल तर सकरीच्या मायले सांगा. मी दोनदा गेलतो तांड्यावर. पहिल्यांदा बसू दिलं. दुसऱ्यांदा घरात घेतलं नाही. तिले वाटते, मी तिची पोरगी जुन्या गोळ्यांची परीक्षा कराले वापरली. मी काही बोललो नाही."

"मी जाईन," मी म्हणाले.

परतीची बस उमरखेडला थांबली. तिथून तांडा तीन कोसांवर. बैलगाड्या उभ्या होत्या, त्या बाजूला जाणारी माणसंही होती. वाहकानं दोनदा विचारलं, "बाई, उतरता का?" मी उतरले नाही.

डॉक्टर पुढच्या वर्षी गेले. मला ते दीड महिन्यानं, ढाणकीहून आलेल्या एका रुग्णाकडून कळलं. वर्तमानपत्रात काही आलं नव्हतं. मी कामाला लागले, एवढंच करू शकत होते. वॉर्डातल्या पोरींना मी शिकवलं की नवी गोळी सुरू झाली की रोज सकाळी रुग्णाचं अंग उघडं करून पाहायचं. लाजली तर पडदा लावा, बांगड्या वर सरकवा, काचोळी सोडा, पण पाहा. खाज म्हणाली की गोळी बंद, मग मला बोलवा. नव्या पोरी कुरकुरत. कुसुम सिस्टर फार कडक, म्हणत.

मी निवृत्त झाले तेव्हा वॉर्डातच छोटा सत्कार झाला. त्या वेळचे मोठे डॉक्टर भाषणात म्हणाले, "या गोळीनं कातडी जाऊन माणसं दगावल्याचं आपण ठिकठिकाणचं ऐकतो. कुसुम सिस्टरांच्या हाताखाली तसा एकही मृत्यू झाला नाही." टाळ्या वाजल्या. मी उठले, शाल खांद्यावर घेतली, नारळ घेतला आणि आभाराचे चार शब्द बोलले. त्यांत सकरीचं नाव नव्हतं आणि डॉक्टर इंगोल्यांचंही नव्हतं.